प्रोपेनच्या बिलावरचे सुरक्षा-शुल्क आणि अंगणातल्या टाकीची तपासणी

अमेरिकेत मोठ्या शहरापासून थोडे लांब, ऐसपैस जागेवर घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात एक नवी व्यवस्था समजून घ्यावी लागते. शहरात नैसर्गिक वायू रस्त्याखालच्या नळीतून घरात येतो. शहराबाहेर अनेक ठिकाणी ती नळीच नसते. म्हणून अंगणात प्रोपेनची लांबट टाकी असते, ती भरायला टँकर येतो, आणि घर तापवणारी फर्नेस, पाणी तापवणारा हीटर, स्वयंपाकाची शेगडी, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर हे सारे त्या एका टाकीवर चालते. देशातील साधारण ५ टक्के घरे मुख्यतः प्रोपेनवर तापवली जातात. अशा घराच्या बिलावर गॅलनमागील दराखेरीज आणखी एक-दोन ओळी असतात. त्यांना कोठे ‘सेफ्टी कम्प्लायन्स फी’ म्हणतात, कोठे ‘हॅझमॅट (घातक माल) फी’, तर कोठे ‘रेग्युलेटरी फी’. रक्कम बहुधा लहान असते, पण प्रत्येक भरणीला ती लागते, आणि ती कशासाठी घेतली जाते हे बिलावर क्वचितच लिहिलेले असते.

या ओळींविषयी ग्राहकांच्या मनात दोन समजुती पक्क्या बसलेल्या असतात. पहिली अशी की ही रक्कम सरकारजमा होते. दुसरी अशी की ही रक्कम भरली म्हणजे आपल्या टाकीची तपासणी झाली. पहिली समजूत बहुतेक वेळा चुकीची असते आणि तिने होणारे नुकसान पैशापुरते राहते. दुसरी समजूत मात्र धोक्याची आहे, कारण तिच्यामुळे माणूस प्रत्यक्ष तपासणीविषयी विचारायचेच सोडून देतो. शुल्क हा कंपनीच्या हिशेबाचा भाग आहे, तर तपासणी हे तंत्रज्ञाने अंगणात आणि तळघरात येऊन करायचे काम आहे. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही.

शुल्क कशाचे असते

प्रोपेन विकणाऱ्या कंपनीला सुरक्षेपायी करावा लागणारा खर्च खरा आहे, हे आधी मान्य करायला हवे. टँकर चालवणाऱ्या माणसाला व्यावसायिक परवान्यावर घातक मालाच्या वाहतुकीची वेगळी नोंद लागते आणि त्यासाठी केंद्र सरकारकडून त्याच्या पूर्वेतिहासाची छाननी होते. टँकरवरील टाकीची दरवर्षी बाहेरून तपासणी आणि ठरावीक वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. घातक मालाची वाहतूक करणारी कंपनी म्हणून केंद्रीय परिवहन खात्याकडे नोंदणी करून तिचे शुल्क भरावे लागते. तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, त्यांच्या कौशल्याची प्रमाणपत्रे आणि विम्याचे हप्ते हे खर्च याखेरीज आहेत. या साऱ्याचा काही भाग कंपन्या ‘सुरक्षा-शुल्क’ म्हणून बिलात वेगळा दाखवतात.

पण हा खर्च ग्राहकाकडून स्वतंत्र ओळीने वसूल करावा असे कोणताही केंद्रीय कायदा सांगत नाही. शुल्क किती ठेवायचे, प्रत्येक भरणीला घ्यायचे की वर्षातून एकदा घ्यायचे, हे कंपनी स्वतः ठरवते. अनेक कंपन्यांच्या करारातच, बारीक अक्षरांत का होईना, असे लिहिलेले असते की ही रक्कम सरकारने लावलेली नाही आणि ती कोणत्याही सरकारी संस्थेला दिली जात नाही. ते वाक्य शोधून वाचावे.

कायद्याने बसलेली वसुली कशी असते हे पाहायचे असेल तर १९९६च्या प्रोपेन शिक्षण व संशोधन कायद्याचे उदाहरण घेता येईल. या कायद्यातून या उद्योगाची एक परिषद उभी राहिली. ‘पर्क’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे व सुरक्षा-प्रचाराचे काम करते. तिच्या खर्चासाठी वास मिसळलेल्या प्रोपेनवर गॅलनमागे आकार बसतो आणि तो जास्तीत जास्त अर्धा सेंट असावा अशी मर्यादा कायद्यानेच घातली आहे. म्हणजे ४०० गॅलनच्या भरणीवर ही रक्कम फार तर दोन डॉलर होते, आणि तीही उद्योगाच्या पातळीवर गोळा केली जाते. बिलावर यापेक्षा मोठी ‘रेग्युलेटरी’ रक्कम दिसली तर ती कंपनीने आपल्या निर्णयाने लावलेली आहे असे धरून प्रश्न विचारायला हरकत नाही.

सुरक्षेचा खर्च दरातच धरलेला असणे मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण दूरध्वनीवर दर विचारणाऱ्या ग्राहकाला गॅलनमागचा आकडाच सांगितला जातो आणि दोन कंपन्यांची तुलना तो त्याच आकड्यावरून करतो. समजा, दर तीन डॉलर सांगितला, भरणी १५० गॅलनची झाली आणि वेगवेगळ्या शुल्कांचे मिळून १५ डॉलर लागले, तर खरा दर गॅलनमागे दहा सेंटने वाढला. भरणी जितकी लहान, तितका हा भार अधिक. म्हणून तुलना करताना वर्षभरातील एकूण रकमेला वर्षभरातील गॅलनांनी भागावे, आणि त्या रकमेत टाकीचे भाडे, किमान वापर न झाल्यास लागणारा दंड आणि कंपनी बदलताना टाकीतील उरलेले प्रोपेन काढून नेण्याचा आकार या तिन्ही गोष्टी धराव्यात.

टाकीत काय आहे

घरगुती टाक्यांमध्ये ५०० गॅलनची टाकी सर्वाधिक परिचित आहे. ती कधीच पूर्ण भरत नाहीत. उन्हाने द्रवरूप प्रोपेन पुष्कळ फुगते आणि त्याला जागा लागते, म्हणून ८० टक्क्यांवर भरणी थांबवतात. म्हणजे टाकीत ४०० गॅलन, वजनाने सुमारे ७६० किलो द्रव असतो. महाराष्ट्रातल्या घरात येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरांच्या मापाने सांगायचे तर एका अंगणात ५३ भरलेले सिलिंडर एकत्र ठेवल्यासारखे ते आहे. आपल्याकडचा स्वयंपाकाचा गॅस प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. अमेरिकेत घरी पुरवला जाणारा माल किमान ९० टक्के प्रोपेन असतो. त्याचे एक मोठे कारण म्हणजे तेथील थंडी. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवातून वायूत येत राहते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायूत येणे थांबवते.

टाकीतील दाब हवेच्या उष्णतेबरोबर बदलत राहतो. साधारण २१ अंशांना तो चौरस इंचामागे शंभर पौंडांच्या पुढे असतो. कडक उन्हात दाब खूपच वाढला तर टाकीवरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून वायू बाहेर सोडतो. घरगुती टाकीवर तो बहुधा २५० पौंडांना उघडण्यासाठी बसवलेला असतो. घरातल्या शेगडीला मात्र पाण्याच्या ११ इंच स्तंभाइतका, म्हणजे अर्ध्या पौंडाहूनही कमी दाब लागतो. हे अंतर दोन रेग्युलेटर टप्प्याटप्प्याने कमी करतात : टाकीजवळचा पहिला दाब सुमारे १० पौंडांवर आणतो आणि घराच्या भिंतीवरचा दुसरा तो शेगडीला झेपेल इतका उतरवतो. तपासणीत रेग्युलेटरला एवढे महत्त्व का, हे यावरून लक्षात येईल. तो बिघडून जास्त दाब आत गेला तर शेगडीची आणि फर्नेसची ज्योत अनावर होऊ शकते.

प्रोपेनचा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली की तो वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरतो आणि तळघर, गटार, घराखालची पोकळी अशा सखल जागी साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे ईथाइल मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ते इतके मिसळायचे की पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या एक पंचमांश वायू हवेत असतानाच वास यावा, असा नियम आहे. तरीही वासावर पूर्ण भिस्त ठेवू नये. नव्या किंवा बराच काळ रिकाम्या राहिलेल्या टाकीच्या आत गंज असला तर तो हे द्रव्य क्षीण करतो. जमिनीखालच्या गळतीत मातीच वास शोषून घेते. आणि वयस्कर माणसांना तो वास येईलच असे नाही. मुलांकडे राहायला आलेले आईवडील दिवसभर घरात एकटे असतात, हे लक्षात घेऊन अशा घरात खालच्या मजल्यावर, जमिनीलगत, प्रमाणित प्रोपेन-सूचक यंत्र लावणे हा खर्च मी टाळू देणार नाही. धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक हे काम करत नाही.

तपासणीत काय पाहायचे असते

प्रोपेनच्या साठवणीचे नियम ‘एनएफपीए ५८’ या संहितेत आणि घरातल्या नळ्या व उपकरणांचे नियम ‘एनएफपीए ५४’ या संहितेत आहेत. या संहिता अग्निसुरक्षा क्षेत्रातील खासगी संघटनेने तयार केलेल्या आहेत आणि राज्यांनी त्या आपापल्या कायद्यात घेतल्यावर त्यांना बंधनकारक रूप येते; त्यामुळे कोणत्या राज्यात कोणत्या वर्षाची आवृत्ती लागू आहे यात फरक असतो. जमिनीवरच्या घरगुती टाकीची अमुक वर्षांनी तपासणी झालीच पाहिजे, असा सर्व राज्यांना लागू असलेला एकच नियम नाही. अंगणात ठेवलेल्या मोठ्या टाकीला लहान सिलिंडरप्रमाणे ठरावीक मुदतीत पुन्हा प्रमाणित करून घेण्याचे बंधनही नसते. सुस्थितीत असलेली टाकी चाळीस वर्षेही वापरात राहू शकते. याचाच अर्थ असा की ती सुस्थितीत आहे की नाही हे कोणीतरी पाहत राहिले पाहिजे, आणि ते केव्हा पाहायचे हे बरेचसे कंपनीच्या धोरणावर आणि ग्राहकाच्या आग्रहावर अवलंबून राहते.

जाणकार तंत्रज्ञ आल्यावर प्रथम टाकीवरची धातूची पाटी वाचतो. निर्माता, क्रमांक, क्षमता, कमाल दाब आणि वर्ष तिच्यावर कोरलेले असते. पाटी नाहीशी झाली असेल किंवा वाचता येत नसेल तर कंपनी टाकी भरण्यास नकार देऊ शकते आणि तो नकार योग्य आहे. नंतर रंग, गंज आणि खोलगट मार पाहिला जातो. टाकीचे पाय कलले आहेत का, खालचे काँक्रीटचे ठोकळे खचले आहेत का, हेही पाहिले जाते, कारण टाकी थोडी जरी सरकली तरी तिला जोडलेल्या तांब्याच्या नळीवर ताण येतो. रिलीफ व्हॉल्व्हवर पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून टोपी असते. ती हरवली की आत पाणी साचते, गंजते आणि व्हॉल्व्ह गरजेच्या वेळी नीट उघडेल याची खात्री राहत नाही. रेग्युलेटरच्या श्वासछिद्राचे तोंड खाली असावे लागते आणि त्यावर जाळी लागते, कारण कुंभारमाश्या त्यात मातीचे घर करतात आणि हिवाळ्यात बर्फाने ते बुजते. रेग्युलेटर आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांना निर्मात्यांनी सांगितलेले आयुष्य असते : प्रकारानुसार रेग्युलेटरला पंधरा ते पंचवीस वर्षे आणि काही निर्मात्यांच्या सूचनेप्रमाणे रिलीफ व्हॉल्व्हला दहा वर्षे. या भागांवर तारीख असते आणि ती ग्राहकालाही वाचता येते.

त्यानंतर अंतरे येतात. १२५ ते ५०० गॅलनची टाकी इमारतीपासून किमान १० फूट दूर असावी लागते. टाकी बसवताना हे अंतर पाळले गेले असले तरी नंतर घरमालक टाकीच्या दिशेने खोली वाढवतो, पडवी बांधतो, नाहीतर वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग तेथे बसवतो, आणि अंतर नकळत मोडते. टाकीभोवती वाळलेले गवत, लाकडाचा ढीग किंवा दाट कुंपण असू नये. घराच्या आत ज्योत निळी आहे का, धुराडे मोकळे आहे का, वापरात नसलेल्या नळीच्या तोंडाला बूच आहे का, शेगडीमागचा जोडनळ जुन्या काळचा आवरण नसलेला पितळी तर नाही ना, हे पाहतात. ज्योत पिवळी असेल तर ज्वलन अपुरे होत आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याचा संभव आहे. अशा घराच्या आतबाहेरच्या संपूर्ण तपासणीसाठी प्रोपेन उद्योगाने आखलेला ‘गॅस चेक’ नावाचा कार्यक्रम आहे. कंपनी तो करते का, असे नाव घेऊन विचारता येते.

या साऱ्यात गळतीची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावरूनच ग्राहकांची सर्वाधिक कुरबूर असते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुरवठा खंडित झाला तर पुन्हा वायू सुरू करताना गळतीची चाचणी करणे संहितेने आवश्यक ठरवले आहे. त्याचे वेगळे पैसे कंपन्या घेतात आणि ‘आमच्या घरात काही बिघडलेले नाही, नुसता गॅस संपला आहे’ असे ग्राहक म्हणतो. पण गॅस का संपला हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. गळतीमुळेही संपलेला असू शकतो. शिवाय गॅस संपल्यावर घरातील कोणीतरी शेगडीचे बटण चालू करून पाहिलेले असते आणि ते तसेच राहिलेले असते. चाचणीत तंत्रज्ञ दाबमापक जोडतो, नळ्यांमध्ये दाब भरतो, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतो, थोडा वायू सोडून दाब १० पौंडांनी उतरवतो आणि तीन मिनिटे काटा पाहतो. काटा खाली आला तर कोठेतरी गळती आहे. वर चढला तर टाकीचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. हे शुल्क मला रास्त वाटते, कारण त्याच्या बदल्यात नेमके काय होते हे दाखवता येते. ते टाळायचे असेल तर टाकीवरचा काटा २५ ते ३० टक्क्यांवर आला की भरणी मागवावी किंवा कंपनीकडे आपोआप भरणीची योजना घ्यावी.

जमिनीखालच्या टाकीबाबत नियम अधिक स्पष्ट आहे. पोलाद मातीत गंजते. ते वाचवण्यासाठी टाकीला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडून पुरतात. टाकीऐवजी ते झिजत जातात. हे संरक्षण चालू आहे का, याची व्होल्टमीटरने चाचणी होते आणि मातीत टेकवलेल्या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत नोंद उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे यावी लागते. अलीकडच्या काळात संहितेनुसार पुरलेल्या पोलादी टाकीची पहिली चाचणी बसवल्यावर, दुसरी १२ ते १८ महिन्यांनी आणि पुढे जास्तीत जास्त दर ३६ महिन्यांनी झाली पाहिजे. टाकी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे या चाचणीचा कागद हाच तिच्या प्रकृतीचा एकमेव पुरावा असतो. घर विकत घेताना येणारा गृहनिरीक्षक हे काम सहसा आपल्या कक्षेबाहेरचे मानतो, म्हणून खरेदीपूर्वी प्रोपेन कंपनीकडून ते वेगळे करून घ्यावे.

पुरलेल्या नळ्यांचा प्रश्नही याच जातीचा आहे. मेन राज्यातील फार्मिंग्टन गावी १६ सप्टेंबर २०१९ रोजी एका संस्थेची नवी इमारत स्फोटाने उद्ध्वस्त झाली. आवारात लोखंडी खांब बसवताना जमिनीखालची प्रोपेनची नळी यंत्राने तुटली होती. वासाची सूचना मिळून आलेल्या अग्निशमन दलाचा एक कॅप्टन त्यात मरण पावला आणि अनेक जण गंभीर जखमी झाले. अंगणात कुंपणाचे खांब रोवण्यापूर्वी ८११ क्रमांकावर, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेला, कळवायचे असते, पण टाकीपासून घरापर्यंतची खासगी नळी त्या सेवेकडून दाखवली जाईलच असे नाही. ती कोठून जाते हे प्रोपेन कंपनीला विचारावे लागते.

एक टाकी, एक भिंत

तपासणी कागदावरच राहिली तर काय होते, याचे उदाहरण वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील घेंट या गावचे आहे. तेथील एका दुकानाच्या मागच्या भिंतीला अगदी लागून ५०० गॅलनची टाकी होती. नियमाने ती १० फूट दूर हवी होती. दहा वर्षांहून अधिक काळ ती तशीच उभी राहिली. या काळात ती असंख्य वेळा भरली गेली असणार, तरी कोणी ती हलवली नाही. ३० जानेवारी २००७ रोजी दुकानाचा पुरवठादार बदलताना जुन्या टाकीतील प्रोपेन नव्या टाकीत घेण्याचे काम दीड महिन्याचाच अनुभव असलेला एक तंत्रज्ञ एकटा करत होता. द्रव काढण्याच्या व्हॉल्व्हवरील बूच सैल करताच, आतला व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असल्यामुळे, द्रवरूप प्रोपेन जोराने बाहेर येऊ लागले. त्याने वरिष्ठाला आणि आपत्कालीन सेवेला कळवले. मदत आली, पण दुकानातील माणसांना बाहेर काढून दूर नेले गेले नाही. भिंतीलगत साचलेला वायू आत शिरला आणि अर्ध्या तासाच्या आत स्फोट झाला. दोन तंत्रज्ञ आणि मदतीला आलेले दोघे असे चार जण मरण पावले. सहा जण जखमी झाले.

केंद्राच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने या घटनेची सविस्तर चौकशी केली. टाकीची जागा, तंत्रज्ञाचे अपुरे प्रशिक्षण आणि लोकांना दूर न हलवणे या तिन्ही गोष्टी त्या चौकशीत पुढे आल्या. त्यांतल्या पहिल्या दोन म्हणजे नेमके ते खर्च आहेत ज्यांच्यासाठी सुरक्षा-शुल्क घेतले जात असल्याचे सांगितले जाते. म्हणून ग्राहकाने या शुल्कावर चिडून गप्प बसण्यापेक्षा त्या पैशाचे काम मागावे, असे मला मनापासून वाटते.

वास आल्यावर काय करायचे तेही येथेच सांगतो. ज्योत असेल तर विझवावी, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, घरातल्या सर्वांना घेऊन बाहेर पडावे, वाटेत आणि सुरक्षित असेल तरच टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवून बंद करावा, आणि घरापासून लांब गेल्यावर ९११ या आपत्कालीन क्रमांकाला व कंपनीला दूरध्वनी करावा. तंत्रज्ञाने चाचणी केल्याशिवाय व्हॉल्व्ह स्वतः उघडू नये.

टाकी कोणाची

जबाबदारीची रेषा टाकीच्या मालकीवरून आखली जाते. टाकी भाड्याची असेल तर टाकी, तिचे व्हॉल्व्ह आणि बहुधा रेग्युलेटर यांची देखभाल कंपनीकडे असते. घरातल्या नळ्या आणि उपकरणे घरमालकाची असतात. ही रेषा पहिल्या रेग्युलेटरपाशी आहे की भिंतीवरच्या दुसऱ्यापाशी, हे करारात पाहावे. भाड्याची टाकी मालक कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीने भरू नये असा कायदा अनेक राज्यांत आहे, त्यामुळे दर आवडला नाही तरी लगेच दुसरीकडून भरून घेता येत नाही. टाकी स्वतःची असेल तर कंपनी निवडण्याची मोकळीक मिळते, पण रिलीफ व्हॉल्व्ह बदलण्यापासून रंग देण्यापर्यंतचा सारा खर्च आणि तपासणीची आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडे येते. अनेक घरांना मिळून एकाच साठ्यातून पुरवठा होत असेल तर प्रकार आणखी वेगळा : दहा किंवा त्याहून अधिक ग्राहकांना एका व्यवस्थेतून प्रोपेन मिळत असेल तर तिला केंद्राचे वायुवाहिनी-सुरक्षेचे नियम लागू होतात आणि नियमित गळती-पाहणीची जबाबदारी ती व्यवस्था चालवणाऱ्यावर असते.

भारतातून आलेल्या माणसाची या बाबतीत थोडी गल्लत होते. आपल्याकडे तेल कंपन्यांच्या घरगुती जोडणीला ठरावीक वर्षांनी सक्तीच्या तपासणीची पद्धत आहे; वितरकाचा माणूस येऊन शेगडी, रेग्युलेटर आणि नळी पाहतो, शुल्क घेतो आणि पावती देतो, आणि सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची हे घरोघरी माहीत असते. तेथे पैसे आणि पाहणी एकाच भेटीत होतात. ती सवय मनात असल्यामुळे अमेरिकेतील बिलावर सुरक्षेची ओळ दिसली की कोणीतरी येऊन पाहून गेले असावे असे वाटते. टँकरचा चालक भरणीच्या वेळी टाकीकडे नजर टाकतो, हे खरे. पण घराच्या आत तो येत नाही आणि गळतीची चाचणीही करत नाही.

करार करताना किंवा नव्या हंगामाआधी कंपनीला लेखी विचारावे : या शुल्कात घराची तपासणी येते का, येत असेल तर किती वर्षांनी, शेवटची केव्हा झाली आणि तिचा अहवाल मिळेल का. चांगल्या कंपन्या तपासणीची नोंद ठेवतात, कारण अपघात झाल्यास त्यांच्या विमा कंपनीलाही ती हवी असते, आणि मागितल्यावर प्रत देतात. घर भाड्याने दिले असेल तर ती प्रत घरमालकाने मागवावी, बिल भाडेकरू भरत असला तरी. तपासणीत दोष निघाला आणि तंत्रज्ञाने उपकरणावर लाल चिठ्ठी लावून पुरवठा बंद केला तर त्याच्याशी वाद घालू नये; दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी करून घ्यावी आणि तिचाही कागद ठेवावा.

शुल्काविषयीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. व्हरमाँटने प्रोपेन ग्राहकांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला असून किमान वापर न झाल्याबद्दल शुल्क घेण्यास तेथे मनाई आहे. अनेक राज्यांत असे काहीही नाही आणि करारात लिहिले आहे तेच चालते. करारात नसलेली रक्कम लागली किंवा कंपनीने एखादे शुल्क सरकारी असल्याचे खोटे सांगितले, तर तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक-संरक्षण विभागाकडे करायची असते. टाकीची जागा, गळती किंवा न झालेली चाचणी यांविषयीची तक्रार मात्र तेथे उपयोगाची नाही. ती बहुतेक राज्यांत फायर मार्शल या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे जाते, टेक्सासमध्ये (नाव रेल्वेचे असले तरी) रेलरोड कमिशनकडे आणि मेनमध्ये फ्युएल बोर्डाकडे. आणि त्या तक्रारीसोबत टाकीवरच्या पाटीचे, रेग्युलेटरवरच्या तारखेचे आणि टाकी व भिंत यांमधील मोजलेल्या अंतराचे छायाचित्र जोडता येते.